जुनी वॉलपेपर बॉर्डर काढताना पुट्टी का उखडते?

प्रश्न असा आला आहे: इंदिरानगरला साधारण वीस वर्षांचा जुना फ्लॅट घेतला. हॉलमध्ये छताखाली सहा इंची द्राक्षवेलीची बॉर्डर आहे, मुलांच्या खोलीत कमरेच्या उंचीवर कार्टूनची. हॉलची बॉर्डर एका कोपऱ्यातून ओढून पाहिली तर आधी पुट्टीचा पोपडा हातात आला, पुढे वरचं चित्र निघालं आणि पांढरा कागद भिंतीवरच राहिला. पेंटर म्हणतो, "वरूनच रंग मारू, काही दिसत नाही." गुढीपाडव्याला राहायला जायचं आहे. बॉर्डर स्वतः काढता येईल का?

ताई, येईल. मी नाशकात सत्तावीस वर्षं रंगकाम करतोय. त्यातली पहिली दहा वर्षं अशा बॉर्डरी चिकटवण्यात गेली आणि आता त्याच काढतोय, त्यामुळे दोन्ही बाजू पाहिल्यात म्हणा.

आधी पेंटरच्या बोलण्याबद्दल. तो खोटं बोलत नाहीये. रंग मारला त्या दिवशी खरंच काही दिसत नाही, दिसतं ते पुढच्या पावसाळ्यात. इमल्शन म्हणजे पाण्यात कालवलेला रंग, त्यातलं पाणी कागदात मुरतं, खालची खळ फुगते आणि जागोजागी फोड येतात. वरचा प्लास्टिकचा थर शाबूत असेल तर रंग त्याला धरतच नाही, नखाने सोलून निघतो. फोड आले नाहीत तरी कागदाची कड लपत नाही. संध्याकाळी भिंतीवरचा दिवा लावला की छताखाली सहा इंची पट्टा सावलीसारखा उठून दिसतो. आणि पुढे कधी काढायची वेळ आली तर रंगाखाली दबलेला कागद भिजवणं म्हणजे दुप्पट काम.

आता पुट्टी का उखडली ते. भिंतीवर वरून खाली पाहिलं तर कागद, खळ, रंग, प्रायमर, पुट्टी आणि शेवटी गिलावा अशी साखळी असते. वरून ओढलं की ताण या सगळ्यांतून जातो आणि जिथली पकड सगळ्यात कच्ची तिथून थर सुटतो. वीस वर्षांची वाळलेली खळ हाडासारखी कडक असते, ती सुटत नाही. कच्ची असते ती पुट्टी आणि गिलावा यांच्यातली पकड. पांढऱ्या सिमेंटची पुट्टी लावण्याआधी गिलावा ओला करून घ्यायचा असतो, आणि छताखालच्या शेवटच्या फुटापर्यंत पाण्याचा हात बहुतेक वेळा पोचलेला नसतो. कामगार घोड्यावर, म्हणजे चार पायांच्या शिडीवर उभा, बादली खाली. म्हणून पोपडा नेमका बॉर्डरच्या जागी सुटतो. यात तुमची चूक एवढीच की कोरडं ओढलंत. माझा मिस्त्री मला ओरडायचा, "ओढू नको रे, सोडव." एवढं पाळलंत तर उरलेलं काम फक्त वेळखाऊ आहे, अवघड नाही.

मोबाइलवर या कामाचे पुष्कळ परदेशी व्हिडिओ दिसतील. ते जरा जपून बघा. तिकडच्या बऱ्याच भिंती जिप्समच्या बोर्डाच्या असतात, आपल्यासारखा वीट, गिलावा, पुट्टी असा प्रकार नसतो. काटेरी चाक फिरवून कागदाला भोकं पाडायचं अवजार ते वापरतात. आपल्या पुट्टीवर ते जोरात फिरवलं तर कागद निघाल्यावर भिंतीला देवीचे व्रण आल्यासारखं दिसतं. ती भोकं भरायचं काम तुमच्याच माथी.

पहिली पायरी म्हणजे बॉर्डर कोणती ते ओळखणं. बोटाने पाण्याचा थेंब लावा. थेंब शोषला गेला आणि डाग गडद झाला तर साधा कागद. थेंब ओघळून खाली आला तर वर प्लास्टिकचा थर. तुमची हॉलमधली दुसऱ्या प्रकारची आहे, कारण चित्र वेगळं निघालं आणि पांढरं अस्तर राहिलं. ही चांगली बातमी आहे. अशी बॉर्डर आपणहून दोन भागांत सुटते आणि मागे राहिलेलं अस्तर पाणी पितं. मुलांच्या खोलीतली बहुधा मागचा कागद सोलून चिकटवायची, स्टिकरसारखी असेल. कोपरा नखाने उचलून बघा. खाली चिकट, रबरासारखं काही ताणलं गेलं तर स्टिकर समजा. तिला पाणी लावून उपयोग नाही, तिला ऊब लागते.

दुसरी पायरी भिंत ओळखणं, आणि ही लोक हमखास टाळतात. मेन स्विच बंद करून एखाद्या स्विचबोर्डाची प्लेट सोडवा. तिच्यामागे रंगाची कड उघडी दिसते, तिथे स्क्रू ड्रायव्हरने हलकं खरवडा. कडक पांढरी कपची उडाली तर सिमेंटची पुट्टी, पाणी निर्धास्त वापरा. खडूसारखी मऊ भुकटी पडली तर पीओपी (जिप्समचं प्लास्टर) किंवा जुन्या पद्धतीची खडूची पुट्टी, जिला आम्ही लांबी म्हणतो. तिथे पाणी बेताने. मग ओल्या पांढऱ्या फडक्याने रंगावर दहा-बारा वेळा घासा. फडक्याला रंग आला तर डिस्टेंपर. त्यावरची बॉर्डर पाण्याने लोण्यासारखी सुटते, पण सोबत डिस्टेंपरही येतो आणि मग तो पट्टा खालपर्यंत खरवडून साफ करण्यावाचून इलाज नसतो.

पीओपीबद्दल इतकं सांगतोय कारण मी स्वतः पोळलोय. २००१ साली गंगापूर रोडच्या एका बंगल्यात बॉर्डर काढायला मी बादलीभर पाणी ब्रशने सरळ भिंतीवर मारलं. पंधरा मिनिटांनी कागदाबरोबर पीओपी दह्यासारखा खरवडायच्या पत्र्यावर यायला लागला. जिप्सम भिजला की त्याचा जोर जातो, हे तोंडपाठ होतं, पण हात घाईत होता. चार भिंतींचा वरचा फूटभर पट्टा पदरचे पैसे घालून नव्याने केला. तेव्हापासून पाणी भिंतीवर मारत नाही, कागदावर ठेवतो. ते कसं, तेच पुढे सांगतो.

कामाचा आवाका आधी डोक्यात असू द्या. दहा बाय बाराच्या खोलीचा घेर चव्वेचाळीस फूट. सहा इंच रुंदीने धरलं तर बॉर्डर बावीस चौरस फूट, म्हणजे सात बाय तीनच्या एका दरवाज्याएवढीच. घाबरण्यासारखं नाही. त्रास आहे तो घोडा सरकवण्याचा आणि मान वर करून काम करण्याचा. घोडा चारही पायांवर नीट बसतोय का बघा, ओल्या फरशीवर प्लास्टिक अंथरून त्यावर घोडा ठेवू नका. खाली जुनी सतरंजी किंवा गोणपाट घाला. त्या खोलीची वीज बंद ठेवून दिवसाउजेडी काम करा. छताला पीओपीची पट्टी किंवा फॉल्स सीलिंग असेल तर त्याच्या कडेने मास्किंग टेप लावून घ्या.

हॉलमध्ये आधी चित्राचा वरचा थर कोरडाच सोलायचा. कोपरा उचलून पट्टी स्वतःवरच दुमडत, भिंतीला जवळजवळ चिकटून, सावकाश मागे न्या. बाहेरच्या बाजूला ओढलं की पुट्टीवर ताण येतो. जिथे वरचा थर निघत नाही तिथे चाळीस नंबरचा पॉलिश पेपर दोन-चार वेळा हलका फिरवा, चकाकी गेली की पाणी आत जातं.

आता भिजवणं. जुनी सुती साडी किंवा पंचा घ्या आणि बॉर्डरपेक्षा इंचभर रुंद, तीन फूट लांब अशा पट्ट्या फाडा. हाताला सोसेल इतपत गरम पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे चार-पाच थेंब टाका. पट्टी बुडवा, टपटप गळणार नाही इतकी पिळा आणि अस्तरावर चिकटवा. ओलं सुती कापड आपोआप भिंतीला धरून बसतं. वरून दुधाच्या पिशवीचं प्लास्टिक कापून लावा म्हणजे ऊब टिकते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हे प्लास्टिक लागतंच, नाहीतर पाच मिनिटांत फडकं वाळतं. पंधरा मिनिटं थांबा. एक पट्टी भिजत असताना पुढची लावा, म्हणजे तुम्ही पहिल्या पट्टीवर परत येईपर्यंत ती तयार. या पद्धतीत पाणी फक्त कागदाला मिळतं, खालच्या भिंतीवर ओघळ येत नाहीत आणि पीओपीही वाचतो. पीओपीवर पंधराऐवजी आठ-दहा मिनिटांतच उचलून बघा.

काहीजण स्प्रेच्या बाटलीने फवारतात, तेही चालतं, पण वरच्या बॉर्डरला निम्मं पाणी तोंडावर येतं. आणि एक गोष्ट नाशिककर म्हणून सांगायलाच हवी. मखमलाबादच्या एका घरात बागेचा पाठीवरचा पंप आणून भिंत भिजवताना मी पाहिलंय. द्राक्षाच्या औषधांचा पंप कितीही धुतला तरी घरात, तेही मुलांच्या खोलीत, वापरू नका. हौसेला दुसरे मार्ग आहेत. कुकरच्या शिटीला नळी लावून वाफ मारण्याचा जुगाडही तसाच, करू नका. कपड्यांवर वाफ मारायचा स्टीमर घरी असेल तर तो मात्र चांगला चालतो. पीओपीवर तोही जपून.

काढायला तीन इंची पुट्टीचा पत्रा घ्या आणि आधी त्याचे दोन्ही टोकदार कोपरे दगडावर घासून गोल करा. भिंतीला खड्डे पडतात ते धारेने नाही, कोपऱ्याने. पत्रा भिंतीशी जवळजवळ झोपलेला, जेमतेम बोटभर उचललेला धरा आणि खालून वर ढकला. नीट भिजलेला कागद पापडाच्या लाटीसारखा गोळा होत येतो. जोर लावावा लागला तर समजा अजून भिजला नाही. पत्रा ठेवून द्या आणि पट्टी पुन्हा लावा. या कामात सगळं नुकसान इथेच, शेवटच्या पाच मिनिटांच्या जोरात होतं.

दोनदा भिजवूनही हलत नसेल तर खळीत फेविकॉल आहे. आपल्याकडचे फिटर बॉर्डर पुन्हा सुटू नये म्हणून सर्रास मिसळायचे. मीही मिसळलंय, तेव्हा काढणाऱ्याचा विचार कोण करतो. अशा वेळी गरम पाणी आणि पांढरं व्हिनेगर निम्मंनिम्मं घेऊन पट्टी अर्धा तास ठेवा. फेविकॉल पूर्ण विरघळत नाही, पण दुधाळ होऊन मऊ पडतो आणि खरवडला जातो. हातमोजे घालाच. पुस्तकं बांधणारे कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद (निळं, विषारी तांब्याचं मीठ) घालायचे, आणि जुन्या कारागिरांपैकी काहींनी तीच सवय भिंतीवर नेली. शिवाय नखांखाली पुट्टीच्या कपच्या गेल्या की आठवडाभर ठणकतं.

स्टिकरच्या बॉर्डरला केस वाळवायचा ड्रायर पुरतो. बोर्डाची वीज बंद असेल, म्हणून शेजारच्या खोलीतून वायर आणा. वीतभर अंतरावरून फूटभर भाग अर्धा मिनिट तापवा, कोपरा उचला आणि तापवत तापवत सावकाश मागे दुमडत न्या. रंगाच्या दुकानात मिळणारी हीट गन आणू नका. तिने प्लास्टिक जळतं, रंगाला फोड येतात, आणि घर जुनं असेल तर आणखी एक कारण आहे. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत हवं हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. तो तापवू नये, कोरडा घासूही नये. लहान मुलांची खोली आहे म्हणून जास्तच सांगतोय.

स्टिकरमागे राहिलेला चिकटा अंगठ्याने गोळ्या करून काढा किंवा मास्किंग टेपचा बोळा त्यावर दाबून दाबून उचला. खोबरेल तेलाचा उपाय सगळे सांगतात. बरणीवरच्या लेबलला ठीक, भिंतीवर नको. तेल पुट्टीत मुरलं की नवा रंग तिथे धरत नाही. नेलपॉलिश रिमूव्हर इमल्शनच विरघळवतो. भिंतीला ऑइल पेंट असेल तरच टर्पेंटाइनचं फडकं थोडं फिरवा. तेही खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस-देवाजवळच्या दिव्यापासून लांब.

कागद निघाला की लोक हात झटकतात आणि दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावतात. खरं निम्मं काम तेव्हा उरलेलं असतं, कारण खळ अजून भिंतीवर आहे. वाळली की दिसत नाही. नवा रंग लावला की पाण्याने ती पुन्हा जागी होते, वाळताना आकसते आणि वरच्या रंगाला नदीकाठच्या चिखलासारख्या बारीक भेगा पाडते. पावसाळ्यात त्याच जागी बुरशी येते, मैद्याची खळ तिला आयतं खाद्य.

म्हणून धुवा. गरम पाणी, स्पंज, फूट-दोन फूट भाग, आणि दर खेपेला पाणी बदला. भिंतीवर ओलं बोट फिरवलं आणि ते शेवाळ्यावर घसरल्यासारखं सरकलं तर खळ आहे. अडखळत खरखरीत गेलं तर भिंत साफ. मैद्याच्या किंवा स्टार्चच्या खळीसाठी आणखी पक्की खूण आहे, आणि तुमच्या मुलांना आवडेल. शेवटच्या धुण्याचं थोडं पाणी कपात घेऊन पूर्ण गार होऊ द्या आणि त्यात बेटाडीनचा एक थेंब टाका. पाणी निळं-काळं झालं तर स्टार्च अजून येतोय, तपकिरी राहिलं तर पुरे. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकतात तोच प्रयोग. भिंतीवर थेट टाकू नका, डाग राहतो. फेविकॉल किंवा स्टार्च नसलेल्या तयार पावडरची खळ असेल तर ही खूण चालत नाही, तिथे बोटच खरं.

माझ्या हाताखालच्या मुलांना मी तीन वेळा धुवायला लावतो. त्यांना तो जाच वाटतो.

धुऊन झालं की वाळू द्या. फेब्रुवारी-मार्चमध्ये नाशिकची हवा कोरडी असते, दोन-तीन दिवस पुरतात. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडून गारठा येतो तेव्हा याच कामाला आठवडा लागतो. पावसाळ्यात मी हे काम घेतच नाही. वाळलं की नाही हे हात लावून कळत नाही. फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून भिंतीवर चिकटवा, दुसऱ्या दिवशी बघा. आतून बारीक थेंब दिसले तर थांबा.

इथे एक वेगळी शक्यता. कागदामागे काळे ठिपके किंवा पांढरं खारट पीठ दिसलं आणि ती भिंत बाहेरची असेल, तर दोष खळीचा नाही, बाहेरून ओल येतेय. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून असतो, गच्चीच्या कडेची किंवा खिडकीच्या छज्जाची एखादी भेग पुरते. आधी बाहेरची भेग भरा, मग आतलं काम. नाहीतर दर दोन वर्षांनी माझ्यासारख्याचं घर चालवाल.

वाळल्यावर भिंत बघून तुम्हाला वाईट वाटेल, ते अपेक्षित आहे. बॉर्डरच्या जागी मूळ रंग टवटवीत, खाली उडालेला. शिवाय मधल्या वीस वर्षांत दोन-तीनदा रंग झाला असेल तर प्रत्येक वेळी पेंटरने बॉर्डरच्या कडेपर्यंत रंग मारलाय, त्यामुळे तिथे पायरी तयार झालीय. ही पायरी नुसती भरून जात नाही, उतरती करावी लागते. आधी कड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने मारा, खाली जुना ऑइल पेंट असेल तर पेपर ओला करून. मग सैल पुट्टी ठोकून बघा. बोटाच्या पेराने टकटक केल्यावर पोकळ आवाज आला तो भाग आत्ताच पाडून टाका, नव्या पुट्टीच्या ओझ्याने तो नंतर पडणारच आहे. उघडा गिलावा ब्रशने झाडा, पाण्याने ओला करा आणि मग पुट्टी लावा. सहा इंचांच्या पट्ट्यासाठी पुट्टी दीड फुटापर्यंत खाली पसरवत न्यायची, दोन पातळ हातांत, एक जाड हात नाही. वाळल्यावर १८०, मग २२० नंबर. तोंडाला मास्क बांधा.

सपाट झाली का हे दिवसा कळत नाही. रात्री खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च भिंतीला टेकवून आडवा फिरवा. सगळे उंचवटे-खड्डे ओरडून दिसतात. पेन्सिलने गोल करून ठेवा, पेंटरला दाखवायला बरं.

प्रायमर या पट्ट्यावर तेलाचा मारा, पाण्याचा नको, कारण कुठे खळीचा अंश राहिलाच असेल तर तेलाच्या प्रायमरखाली तो दबून राहतो. मात्र पुट्टी पूर्ण वाळल्याशिवाय मारला तर ओल आत कोंडते. मग रंग पूर्ण भिंतीला, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत. नुसत्या पट्ट्याला तोच शेड कोड आणून मारला तरी जोड दिसतोच.

एवढं सगळं वाचून पेंटरलाच द्यायचं ठरवलंत तर त्याच्याशी बोलताना "बॉर्डर काढून रंग" असं म्हणू नका. कागद काढणं, खळ धुणं, पोकळ पुट्टी पाडणं, दोन हात पुट्टी आणि तेलाचं प्रायमर हे वेगवेगळं लिहून घ्या. धुण्याचं लिहिलं नसेल तर तो धुणार नाही.

पाडव्याच्या हिशेबाने मागे मोजा. रंगाला चार दिवस, पुट्टी-प्रायमरला चार-पाच, वाळायला तीन, काढायला आणि धुवायला दोन खोल्यांचे दोन रविवार. म्हणजे तीन आठवडे आधी पहिली पट्टी भिजली पाहिजे. सुरुवात हॉलच्या पश्चिमेकडच्या भिंतीपासून करा. तिथे ओल निघाली तर निदान बाहेरची भेग भरायला वेळ हातात राहील.